टाकाच्या फेकी : किर्लोस्करवाडीच्या माळावरील चित्रकार-संपादक

पुणे-मिरज लोहमार्गावर, आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक आहे. नांगर, पंप आणि यंत्रे घडविणाऱ्या कारखान्यामुळे हे नाव देशभर पोहोचले. मात्र मराठी वाचकाच्या घरात ते शिरले ते निराळ्याच वाटेने. याच माळावरून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही तीन मासिके निघाली. त्यांचे संस्थापक-संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१-१९७५) मुळात चित्रकार होते. ‘शंवाकि’ या आद्याक्षरी नावाने ते ओळखले जात. ‘टाकाच्या फेकी’ ही त्यांची व्यंगचित्रमाला मराठी नियतकालिकांतील शाईच्या रेषेच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण आहे.

संपादक शंकररावांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्यातील रेखाटनकार मात्र त्या संपादकाच्या सावलीत राहिला. एक प्रशिक्षित चित्रकार रंग बाजूला ठेवून टाक आणि काळी शाई का उचलतो, नांगराच्या कारखान्याच्या पत्रकात समाजाच्या रूढींवर रेघा का ओढतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यांच्या कारकिर्दीतले कळीचे प्रश्न आहेत.

माळ, नांगर आणि चित्रकार संस्थानिक

या कथेची सुरुवात एका हुकलेल्या चित्रकारापासून होते. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे शंकररावांचे काका. तरुणपणी चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे ध्यानात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनाचा मार्ग धरला. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तेच शिकविले. पुढे बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले.

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी लक्ष्मणरावांना आपल्या मुलखात कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान देऊ केले. निवडुंगाने भरलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या जागेवर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. अशा रीतीने एका चित्रकार राजाने चित्रकार होऊ न शकलेल्या कारखानदाराला जमीन दिली आणि त्या जमिनीवर पुढे एका चित्रकार पुतण्याने मासिके काढली. तेथे कलेविषयी आपुलकी नसती, तर ही मासिके कदाचित जन्मालाच आली नसती.

त्या काळी हा सारा प्रदेश औंधसारख्या संस्थानांत आणि ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्यात विभागलेला होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. औंध साताऱ्यात राहिले, किर्लोस्करवाडी सांगलीत गेली. शंकररावांच्या उमेदीच्या काळात मात्र ही दोन्ही गावे एकाच संस्थानाची होती.

रंगांकडून रेषेकडे

शंकररावांचा जन्म सोलापूरचा. चित्रकलेची आवड त्यांना थेट लाहोरपर्यंत घेऊन गेली. तेथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा स्टुडिओ होता. वेदांचे भाष्यकार म्हणून सातवळेकर सर्वपरिचित आहेत. परंतु ते जे. जे. कलाशाळेत तयार झालेले निष्णात चित्रकार होते आणि व्यक्तिचित्रणावर त्यांचा चरितार्थ चाले. वैदिक प्रार्थनांवरील त्यांच्या एका लेखामुळे ब्रिटिश सरकारचा रोष ओढवून त्यांना तुरुंगवास घडला होता. अशा गुरूच्या सान्निध्यात शंकररावांना रंगसंगतीबरोबर आणखी एका गोष्टीचा संस्कार मिळाला असणार : चित्रकाराला मत असू शकते आणि त्या मतासाठी त्याला किंमतही मोजावी लागते. पुढे सातवळेकरांनीही औंधलाच येऊन आपले वेदकार्य उभे केले. गुरू आणि शिष्य पुन्हा एकाच संस्थानात आले.

किर्लोस्करवाडीस आल्यावर शंकररावांकडे जाहिरातीचे काम आले. तैलरंगांतील व्यक्तिचित्रणाला तेथे फारसा वाव नव्हता. गरज होती ती नांगराचा उपयोग शेतकऱ्याला एका दृष्टिक्षेपात पटवून देणाऱ्या चित्राची. असे चित्र स्पष्ट हवे, थोड्या रेषांचे हवे आणि साध्या कागदावर स्वस्तात छापता यायला हवे. या तिन्ही अटी शाईची रेषाच पुरी करू शकत होती. जाहिरातीच्या या शिस्तीतूनच त्यांच्या व्यंगचित्रांची घडण झाली. वस्तू विकणाऱ्या चित्राला जे नियम लागू होतात, तेच विचार पटविणाऱ्या चित्रालाही लागू होतात, हे त्यांनी लवकर ओळखले.

‘खबर’ ते ‘किर्लोस्कर’

१९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू झाले. कारखान्याची, त्याच्या मालाची आणि तेथील घडामोडींची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे, हा त्याचा मूळ हेतू. पाश्चात्त्य देशांत मोठ्या उद्योगसंस्था अशी पत्रके काढीत असत. मराठीत ही कल्पना नवी होती. शंकररावांनी मात्र या पत्रकाला कारखान्याच्या कुंपणात राहू दिले नाही. व्यवसाय, स्वावलंबन, आरोग्य, विज्ञान आणि समाजसुधारणा हे विषय त्यात येऊ लागले. हळूहळू ‘खबर’ हा शब्द गळून पडला आणि उरले ते ‘किर्लोस्कर’ हे पूर्ण मासिक. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला येऊन मिळाली.

पुण्या-मुंबईपासून दूर, एका लहानशा औद्योगिक वसाहतीत लेखन-संपादन, छपाई आणि वितरण असा सगळा संसार मांडणे सोपे नव्हते. लेखक दूर होते, कारागीर घडवावे लागत होते. रेल्वेचे स्थानक आणि टपाल हेच बाहेरच्या जगाशी जोडणारे दोन धागे. तरीही या धाग्यांवरून मासिके महाराष्ट्रभर गेली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३० च्या दशकात ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले, यावरून या मासिकाचा रोख लक्षात येतो.

टाक, शाई आणि जस्ताचा ठोकळा

‘टाकाच्या फेकी’ या शीर्षकाची गंमत आजच्या वाचकाला समजावून सांगावी लागते. टाक म्हणजे लाकडी दांडीला पोलादी निब बसविलेली, दौतीत बुडवून लिहावयाची लेखणी. बोरूची जागा तिने घेतली आणि फाउंटन पेन व बॉलपेन यांनी पुढे तिची जागा घेतली. ‘फेक’ या शब्दाला दोन छटा आहेत. शब्दफेक म्हणतात त्याप्रमाणे हाताची ऐटदार हालचाल ही एक. नेम धरून मारलेला खडा ही दुसरी. शंकररावांच्या चित्रमालेला दोन्ही अर्थ लागू पडत.

त्या काळी छापील चित्र काढणाऱ्याला छपाईचे तंत्र माहीत असणे भाग होते. छायाचित्र किंवा रंगचित्र छापायचे, तर ‘हाफटोन’ ब्लॉक करावा लागे. त्यात जाळीच्या साहाय्याने चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होई आणि ठिपके नीट उमटण्यासाठी गुळगुळीत, महाग कागद लागे. रेषाचित्रासाठी ‘लाइन ब्लॉक’ पुरत असे. मूळ रेखाटनाचे छायाचित्र घेऊन ते प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत. मग पत्रा आम्लात बुडविला, की रेषा सोडून उरलेला भाग खाल्ला जाई. उठून दिसणाऱ्या रेषांचा हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला, की तो खिळ्यांच्या मजकुराशेजारी त्याच चौकटीत, साध्या कागदावरही छापता येई.

या पद्धतीची एक कठोर अट होती. जस्ताला फक्त काळे आणि पांढरे समजते. करडा रंग समजत नाही. पेन्सिलीची फिकट रेघ, पातळ शाईचा डाग किंवा थरथरलेला काठ यांतले काही गळून पडे, काही नको तितके काळे होई. म्हणून पेन्सिलीच्या आराखड्यावर टाकाने निश्चयाने शाई फिरवावी लागे. सावली दाखवायची, तर जवळजवळ समांतर रेघा ओढाव्या लागत. ती गडद करायची, तर त्यांवर आडव्या रेघांची जाळी विणावी लागे. रेघा फार दाट झाल्या, तर छापताना त्यांच्यामधल्या फटी शाईने भरून येत. मूळ चित्र छापावयाच्या आकारापेक्षा मोठे काढण्याची पद्धत होती. ते लहान होताना हाताचा किरकोळ थरकाप झाकला जाई.

पेन्सिल खोडता येते, शाई खोडता येत नाही. शाई फिरविणारा कलावंत म्हणजे दुसऱ्याच्या रेघा गिरविणारा कारकून नव्हे. शंभर संभाव्य रेषांतून एक निवडून तिच्यावर तो शिक्कामोर्तब करीत असतो. पाश्चात्त्य चित्रकथांच्या उद्योगात पेन्सिलीचे आणि शाईचे काम पुढे दोन स्वतंत्र व्यक्तींकडे गेले. मराठी नियतकालिकांत मात्र कल्पना, आराखडा आणि शाई ही कामे बहुधा एकाच हाताने होत. शंकररावांच्या बाबतीत तर मथळा आणि संपादकीय धोरणही त्याच हाताचे होते.

नांगर आणि व्यंगचित्र यांचा एकच शत्रू

‘टाकाच्या फेकीं’चे लक्ष्य होते समाजातील रूढी. अस्पृश्यता, बुवाबाजी, सोवळेओवळे, स्त्रियांवरील जाचक बंधने आणि अंधश्रद्धा यांवर या चित्रांचा रोख असे. महाराष्ट्रात या विचारांची परंपरा नवी नव्हती. बुद्धिप्रामाण्यवादी सुधारक गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावचे, म्हणजे याच परिसरातले. महात्मा फुले यांचे मूळ गाव कटगुण हेही सातारा जिल्ह्यातच. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून जे गद्यात मांडले, त्याचाच एक धागा शंकररावांनी चित्रांत ओवला. लेख वाचायला सवड लागते आणि मनाची तयारीही लागते. चित्र मात्र मासिक चाळतानाच दिसते. वाचकाने नजर फिरवायच्या आत ते आपले काम करून मोकळे होते.

कारखान्याच्या मासिकाने या वादात का पडावे, या प्रश्नाचे उत्तर नांगराच्या इतिहासात सापडते. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकले जाण्यास दीर्घ काळ वाट पाहावी लागली. यंत्र उत्तम होते, किंमत परवडणारी होती, अडथळा होता तो मनाचा. जुन्या समजुती हलल्याखेरीज नवे यंत्र खपत नाही, हा धडा किर्लोस्करांनी अनुभवातून घेतला होता. सुधारणा आणि व्यापार यांचा शत्रू येथे एकच होता. नांगर जमिनीत जे करी, तेच ही चित्रे मनात करू पाहात होती.

वसाहतीतील वागणुकीचाही या चित्रांना आधार होता. लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत जातिभेदाला थारा न देण्याचा प्रयत्न केला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचे काम विश्वासाने सोपविले. ज्या माळावर हे घडत होते, तेथूनच समाजाला चिमटे काढणारी चित्रे निघत होती. त्यामुळे त्यांना कोरडा उपदेश म्हणणे सोपे नव्हते.

धोका कोणाचा?

यात धोका मात्र खरा होता. स्वतंत्र वृत्तपत्राचा व्यंगचित्रकार वाचक गमावतो. कारखान्याच्या मासिकाचा व्यंगचित्रकार ग्राहक गमावू शकतो. नांगर घेणारा शेतकरी, त्याला सल्ला देणारा गावचा जाणता आणि माल विकणारा व्यापारी हे सारे त्याच रूढ समाजाचे घटक होते. ज्यांच्या श्रद्धांची रेवडी उडवायची, त्यांनाच दुसऱ्या पानावर नांगराची जाहिरात दाखवायची, असा हा पेच होता. कारखान्याच्या चालकांनी शंकररावांचा टाक अडविला असता, तर व्यापारी दृष्टीने त्यांना दोष देता आला नसता. तसे झाले नाही. किर्लोस्कर घराण्याच्या औदार्याची चर्चा बहुधा यंत्रांच्या संदर्भात होते. आपल्या पैशाने छापल्या जाणाऱ्या पानावर आपल्याच ग्राहकांना न आवडणारे चित्र येऊ देणे, हे औदार्य त्याहून कमी नाही.

‘स्त्री’ मासिकाने हाच प्रश्न घराच्या उंबऱ्यापर्यंत नेला. १९३० साली स्त्रियांसाठी स्वतंत्र मासिक काढून त्यात शिक्षण, विवाह, अर्थार्जन आणि स्वातंत्र्य यांची चर्चा करणे, हे धाडसाचे होते. पुढे विद्या बाळ यांच्यासारख्या संपादिका याच मासिकातून घडल्या. १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. माळावर पेरलेल्या बीजाचा विस्तार कोठवर गेला, याची ही एक खूण.

शंकररावांच्या रेषेला मर्यादाही होत्या आणि त्या नोंदविणे आवश्यक आहे. त्यांची चित्रे आधी सांगण्यासाठी होती, मग हसविण्यासाठी. संदेश पोहोचलाच पाहिजे या आग्रहामुळे व्यंगचित्राला शब्दांचा आधार घ्यावा लागे. शिवाय सुधारकाची भूमिका ही बहुधा वरून खाली पाहणारी असते. ज्याच्यावर हसायचे, त्याच्या जागी उभे राहण्याची सवय तिला नसते. परंतु त्या काळी व्यंगचित्र हा प्रकार मराठी वाचकाच्या अंगवळणी पडावयाचा होता. इंग्लंडच्या ‘पंच’च्या धर्तीवर ठाण्याहून निघणाऱ्या ‘हिंदुपंच’ने उपहासाची वाट दाखविली होती, तरी घरोघरी जाणाऱ्या मासिकात संपादकाची स्वतःची चित्रमाला ही गोष्ट विरळाच होती.

औंधची चित्रपरंपरा

शंकररावांच्या कामाकडे पाहताना औंधची पार्श्वभूमी विसरून चालत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. एकामागून एक प्रसंग चित्रांतून मांडून कथा पुढे नेण्याची ही पद्धत आजच्या चित्रकथेची नजीकची पूर्वज म्हणता येईल. बाळासाहेब कीर्तनकारही होते. प्रसंग निवडणे, तो उत्कर्षबिंदूवर थांबविणे आणि श्रोत्याला पुढच्या प्रसंगाकडे ओढणे, हे कीर्तनाचे कसब चित्रमालिकेलाही उपयोगी पडते. अजिंठ्याच्या चित्रांवरही त्यांनी पुस्तक लिहिले. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्यापासून हेन्री मूर यांच्यापर्यंतच्या कलाकृती आहेत.

त्याही मागे गेले, तर महाराष्ट्राला चित्रकथीची परंपरा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर कलावंत पोथीतील चित्रे एकेक करून दाखवीत आणि गाऊन कथा सांगत. पैठणी चित्रशैली म्हणून ओळखली जाणारी चित्रेही कथाकथनासाठीच काढलेली आहेत. ठसठशीत काळी बाह्यरेषा, बाजूने दिसणारा चेहरा आणि मोठे डोळे ही त्यांची वैशिष्ट्ये. दूर बसलेल्या श्रोत्याला दिव्याच्या उजेडात आकृती ओळखता यावी, हाही त्या ठसठशीतपणाचा एक उपयोग होता. जस्ताच्या ठोकळ्याने चित्रकाराकडे जी मागणी केली, ती या लोककलावंतांनी फार पूर्वीच पुरी केली होती.

औंध संस्थानाच्या या वातावरणात वाढलेली नावे पाहिली, म्हणजे त्याचे मोल कळते. माडगुळे हे गाव याच संस्थानातले. तेथील ग. दि. माडगूळकर आणि त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांना मराठी साहित्यात मानाचे स्थान आहे. व्यंकटेश माडगूळकर लेखणीइतक्याच सहजतेने रेखाटनही करीत. सातवळेकरांचे पुत्र माधव सातवळेकर हे नामवंत चित्रकार झाले आणि महाराष्ट्राचे कलासंचालक म्हणून त्यांनी काम केले.

१९४८ ची आग आणि नंतर

जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही बसली. जातिभेदाविरुद्ध लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या मासिकांच्या गावात, चालकांच्या जातीवरून आग लागावी, हा नियतीचा क्रूर उपहास होता. कोणत्याही व्यंगचित्रकाराला सुचला नसता असा. वसाहतीने पुन्हा उभारी धरली आणि कारखाना चालू झाला. त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्य देणाऱ्या या छोट्या संस्थानाचा अध्याय येथे संपला.

मासिकांचा व्याप पुढे पुण्यास गेला आणि शंकररावांचे पुत्र मुकुंदराव किर्लोस्कर यांनी संपादनाची धुरा घेतली. शंकररावांनी आपल्या आयुष्याचा वृत्तान्त ‘शंवाकिय’ या आत्मचरित्रात सांगितला. ते १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

चित्रकथेच्या शाईपर्यंत

शंकररावांच्या पुढच्या पिढीने मराठी व्यंगचित्राला नवे वळण दिले. बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे १९२५ साली जन्मलेले शि. द. फडणीस यांनी ‘मोहिनी’च्या १९५२ च्या मुखपृष्ठापासून शब्दांवाचून हसविणाऱ्या चित्राला प्रतिष्ठा मिळवून दिली. कोल्हापूरचे वसंत सरवटे (१९२७-२०१६) सिमेंट कंपनीत अभियंता होते. त्यांनी साहित्यिकांचे जग आणि मध्यमवर्गीयाचे मन बारीक रेषेत पकडले. शंकररावांनी संदेशासाठी जी रेषा वापरली, ती आता स्वतःच बोलू लागली.

दुसरा प्रवाह चित्रकथेचा. १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने परदेशी नायक भारतीय भाषांत आणले. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली आणि तिचे अनेक प्रमुख चित्रकार मराठी होते. राम वाईरकर यांनी ‘कृष्ण’ हा अंक चितारला आणि पुढे ‘टिंकल’मधील सुपंडीला रूप दिले. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथेसाठी पौराणिक-ऐतिहासिक अंक रंगविले आणि १९८६ साली ‘नागराज’ हा भारतीय नायक कागदावर उतरविला. दिलीप कदम यांनी ‘महाभारता’ची ४२ अंकांची मालिका साकारली. या अंकांच्या रंगीत पानांखाली आधार होता तो काळ्या शाईच्या रेषेचाच. रंग नंतर येत. आधी शाईने चेहरा, हात, वस्त्राची चुणी आणि घोड्याची झेप निश्चित करावी लागे. छपाईत रंग थोडा सरकला, तरी काळी रेषा चित्र सावरून धरी.

या कलावंतांचे नाव पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येई किंवा येतच नसे. वाचकाला नायक आठवतो, तो कोणाच्या हातून उमटला हे आठवत नाही. नियतकालिकांतील चित्रकारांची हीच नियती आहे. लेखाचे पुस्तक होते, चित्र मासिकाच्या पिवळ्या पडलेल्या पानातच राहते आणि पान रद्दीत जाते. संपादक ‘शंवाकि’ अभ्यासाचा विषय झाले, पण टाक धरणारा त्यांचा हात मागे पडला, तोही याच न्यायाने.

आता टाक आणि दौत इतिहासजमा झाली आहे. जस्ताचे ठोकळे छापखान्यांतून केव्हाच हद्दपार झाले. संगणकाच्या पडद्यावर रेषा काढणाऱ्याला हवी तितक्या वेळा ती मागे घेता येते. शंकररावांना तशी मुभा नव्हती. एकदा दौतीतून टाक बाहेर काढला, की रेघ ओढावीच लागे. ती ओढली, की तिची जबाबदारी घ्यावी लागे. सातारा-सांगलीच्या माळरानावरून निघालेल्या या रेषांनी महाराष्ट्राच्या घराघरांतील काही समजुतींना ओरखडा काढला. ज्या रूढींवर त्यांनी टाक रोखला, त्यांपैकी काही मागे पडल्या, काही नाव बदलून नांदत आहेत. त्यामुळे ‘टाकाच्या फेकी’ पुन्हा पाहणे, हे केवळ जुन्या मासिकांचे स्मरणरंजन ठरत नाही.